कार्डावर नसलेली नाडी

मनगटावर ठेवलेली बोटं त्या मुलीने वेळेवर उचलली नाहीत, एवढंच झालं. बाकी सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. परीक्षेचा दिवस, लांबलचक हॉलमध्ये पडदे लावून केलेले बारा खण, सहा नंबरच्या खणात हिरव्या चादरीवर आडवा पडलेला मी, आणि दर सात मिनिटांनी वाजणारी घंटा. घंटा झाली की एक विद्यार्थी बाहेर, दुसरा आत. सकाळपासून चौदा जण येऊन गेले होते. चौदाही जणांनी माझा खोकला मन लावून ऐकला, माझा हात उचलून भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली, पंधरा सेकंदांत तो पार्सलसारखा परत ठेवला आणि कोपऱ्यात टॅबलेट घेऊन बसलेल्या मितेश सरांना सांगितलं, "पल्स अठ्ठ्याहत्तर, रेग्युलर." कुणी शहात्तर म्हणालं, एकाने ऐंशी. त्यांना मी फार दोष देत नाही. मी खोटा पेशंट आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि खोट्या पेशंटची नाडी खरी कशाला मोजायची? ही पंधरावी मुलगी मात्र मोजत राहिली. पंधरा सेकंद झाले, तीस झाले. तिचे ओठ हलत होते. मधेच तिच्या कपाळाला बारीक आठी पडली, तिने बोटं किंचित सरकवली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागलो. तीन वर्षांत या चादरीवर मला दम्यापासून मूळव्याधीपर्यंत काय काय झालं होतं, पण घड्याळाकडे बघायची वेळ कधी आली नव्हती.

सांगायला हवं, आजारी पडणं हा माझा धंदा आहे. माझं नाव मुबारक, वय त्रेसष्ट. एकोणीस वर्षं कुवेतला काढली, मग जुन्या पनवेलमध्ये भांड्यांचं दुकान टाकलं, आणि तीन वर्षांपूर्वी ते अदीबच्या, म्हणजे आमच्या मुलाच्या हवाली केलं. हवाली केलं म्हणजे दारात खुर्ची टाकून बसलो आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कुकरबद्दल चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला लागलो. दोन महिन्यांत पोरगा रडकुंडीला आला. अशात एक दिवस किशोरी मॅडम कुकरची रिंग घ्यायला आल्या. मी शेजारच्या दुकानदाराला पाठदुखी समजावून सांगत होतो: कुठून निघते, कुठल्या पायात उतरते, वाकल्यावर काय म्हणते, शिंकल्यावर काय म्हणते. मॅडम रिंग हातात धरून पाच मिनिटं ऐकत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी मेडिकल कॉलेजात शिकवते. दुखणं इतकं नीट सांगणारा पेशंट आम्हाला वॉर्डात मिळत नाही. मुलांना सराव करायला माणसं हवी असतात. याल?" ती पाठ माझी नव्हती, मेव्हण्याची होती, पण तो तपशील मी त्यांना सांगितला नाही. सफूराने, माझ्या बायकोने, डोक्याला हात लावला. "लोक तबियत चांगली राहावी म्हणून दुवा मागतात," ती म्हणाली, "आणि तुम्ही आजारी पडायला रिक्षा करून जाणार."

खांदा कॉलनीच्या पलीकडे ते कॉलेज. पहिल्या दिवशी आम्ही अकरा हौशी पेशंट शाळेतल्या पोरांसारखे बाकांवर बसलो आणि किशोरी मॅडमनी फळ्यावर मधोमध एक रेघ मारली. एका बाजूला लिहिलं लक्षण, दुसऱ्या बाजूला चिन्ह. रोगी सांगतो ते लक्षण, डॉक्टरला सापडतं ते चिन्ह. डोकं दुखतं हे लक्षण, ते कुणाला दिसत नाही, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. ताप हे चिन्ह, थर्मामीटरला तुमच्या शब्दाची गरज नाही. माझ्या शेजारी जासईच्या हौसाबाई बसल्या होत्या, पोटदुखी हा त्यांचा हातखंडा. त्यांनी बोट वर केलं. "म्हंजे मॅडम, सून मना बोलत नाय ह्ये मी सांगते त्ये लक्षण, अन् तिचं थोबाड फुगलंय ह्ये सगल्यांना दिसतंय त्ये चिन्ह." मॅडम म्हणाल्या, इतकं सोपं उदाहरण त्यांनाही सुचलं नव्हतं. मग अक्यूट आणि क्रॉनिक आलं, अचानक उसळणारं आणि मुक्कामाला राहिलेलं. प्रॉग्नोसिस आलं, म्हणजे रोगाचं पुढचं भाकीत. आणि एक शब्द आला, तो मला फारच आवडला: इडिओपॅथिक. कारण सापडत नाही, पण तसं म्हणायला डॉक्टरला बरं वाटत नाही, तेव्हा वापरायचा. घरी येऊन मी आठवडाभर हीच भाषा बोलत होतो. अदीबचा आळस क्रॉनिक, पाण्याचा टँकर न येणं इडिओपॅथिक, आणि सफूराचा राग अक्यूट, पण भाकीत उत्तम, चहा पाजला की दहा मिनिटांत उतरतो. सफूराने एकच विचारलं, "आणि तुमच्या बडबडीवर औषध निघालंय का?"

आम्हाला प्रत्येक वेळी एक कार्ड मिळतं. त्यावर नाव, वय, काय होतं, कधीपासून होतं, कशाने वाढतं, कशाने कमी होतं. तेवढंच आपलं आयुष्य. आजच्या कार्डावर मी सदाशिव होतो, वय पंचावन्न, रिक्षाचालक, तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळी कणकण. तपासण्यांची कार्डं सरांकडे, त्यावर वजन, ताप, नाडी सगळं आधीच छापलेलं. मॅडमचा नियम कडक: परीक्षेत पेशंट कार्डाबाहेर पाऊल टाकत नाही, भूकंप झाला तरी सदाशिवने सदाशिवच राहायचं. आणि मी राहायचो. आमच्या अकरा जणांत कार्डाला माझ्याइतकं इमानी कुणी नाही. हौसाबाई तर अपेंडिक्सचं दुखणं सांगता सांगता वांग्याच्या भाजीवर जातात. मी मात्र एकदा फेफरं आल्याचं सोंग करताना खरा खाटेवरून पडलो आणि खाली पडल्यावरसुद्धा कार्डात होतं तेच बोललो. ही गोष्ट मी किती लोकांना सांगितली असेल त्याला हिशेब नाही.

मुलीने शेवटी हात खाली ठेवला, हळू, कडेवरून बाळ उतरवावं तसा. छातीवरच्या पट्टीत तिचं नाव दिसलं, रंजिता. ती मितेश सरांकडे वळली. "सर, पल्स इर्रेग्युलर आहे. आणि त्या इर्रेग्युलरमध्येही काही पॅटर्न नाही. पूर्ण मिनिट मोजली." सर अजून तिशीतच असतील, सकाळपासून चहासुद्धा मिळाला नव्हता. त्यांनी टॅबलेटवर बोट फिरवलं. "केसमध्ये रेग्युलर आहे. पुन्हा विचार करून सांग." "सर, केसमध्ये असेल. पण हातात नाही." "तू सिम्युलेटेड पेशंट तपासतेयस, हे लक्षात आहे ना?" तिचा चेहरा लाल झाला आणि इतका वेळ घासूनपुसून बोललेली पुस्तकी भाषा गळून पडली. "मी खरंच मोजली सर. आमी उगाच नाय बोलत." मग सरांनी, न्यायाने वागावं म्हणून असेल, माझ्याकडे बघितलं. "काका, छातीत धडधड, दम लागणं, असं काही होतं का?" ती पण माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत आर्जव नव्हतं, नुसता प्रश्न होता. मी म्हणालो, "नाही." लगेच, एका दमात, स्पष्ट. इतकं चांगलं 'नाही' मी आयुष्यात फार वेळा म्हटलेलं आहे. घंटा वाजली. तिने स्टेथोस्कोप गोळा केला, जाताना चादरीचं खाली लोंबलेलं टोक माझ्या पायांवर नीट केलं आणि गेली. सरांनी टॅबलेटवर काहीतरी, बहुधा तिचे मार्क, खाली ओढलं.

सोळावा मुलगा आला, मी खोकलो. सतरावी आली, खोकलो. तोंड सदाशिवचं काम करत होतं आणि मी आत कुठेतरी आमच्या जिन्यात उभा होतो. तीन मजले, लिफ्ट नाही. रमजानपासूनची गोष्ट. एका संध्याकाळी खजुराचा पुडा घेऊन चढत होतो आणि दुसऱ्या मजल्यावर छातीत काहीतरी झालं. दुखलं नाही. दुखलं असतं तर मला शब्द होते, दुखण्याचे शब्द माझ्याकडे पोत्याने आहेत: टोचणारं, जळणारं, पिळवटणारं, वरून खाली जाणारं, रेंगाळणारं. याला शब्दच नव्हता. मी कठडा धरला, खाली वाकून चप्पल नीट केल्यासारखं केलं, आणि तेवढ्यात ते थांबलं. दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्यातून चारदा, मग रोज. रोज मी दुसऱ्या मजल्यावर वाकून चप्पल नीट करायला लागलो. वर पोचेपर्यंत श्वास जागेवर आलेला असायचा. सफूरा दार उघडून माझ्या हातातली पिशवी घ्यायची आणि आत जायची, कधी काही विचारलं नाही. सहा महिने मी आठवड्यातून तीन दिवस शेकडो भावी डॉक्टरांपुढे अंगावरचा सदरा काढून बसत होतो आणि हे एक सोडून जगातलं प्रत्येक दुखणं त्यांना सांगत होतो. आता विचार केला की हसू येतं. तेव्हा मात्र, खोकता खोकता, मला माझी लाज वाटली.

ते 'नाही' कुठून आलं ते मला माहीत आहे. त्याची तारीखसुद्धा सांगता येईल. सत्याऐंशी साल, मुंबईतला एक दवाखाना, कुवेतसाठी मेडिकल. आम्ही पनवेल-उरणकडची सव्वीस पोरं ओळीत उभी, कमरेवर उघडी. एजंटने टॅक्सीतच पढवलं होतं, "डॉक्टर काय पण विचारू दे, एकच जवाब: नहीं." मला त्या दिवशी खोकला होता, साधा, सर्दीचा. माझ्या पुढे नोमान होता, माझा दोस्त. त्याला विचारलं, पहले कभी कोई बीमारी? नोमान सरळ माणूस, त्याने सांगितलं की लहानपणी छाती भरली होती, आपटा गावच्या हकीमाने बरी केली. त्याच्या कागदावर शिक्का बसला, अनफिट. तो आवाज मी पुढे एकोणीस वर्षं ऐकला. माझी पाळी आली तेव्हा घशापर्यंत आलेला खोकला मी गिळला, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हटलं, नहीं. मग कुवेतला परवाना वाढवायच्या वेळी दरवेळी तेच. ताप असताना नहीं, दाढ ठणकत असताना नहीं, एकदा पायाचं बोट मोडलेलं असताना बूट घालून चालून दाखवलं, नहीं. आमच्या मोहल्ल्यात असे कितीतरी आहेत. आखातातून परत येऊन वीस वर्षं झाली तरी साध्या डॉक्टरने काय होतंय विचारलं की पाठ ताठ होते आणि तोंडातून 'कुछ नहीं' निघतं. मग बायका शेजारून खरं काय ते सांगतात. आणि गंमत बघा, तो अनफिट नोमान उरणला मासेमारीची जाळी विकतो, पाच नातवंडं आहेत, अजून सायकल चालवतो. त्याच्या छातीचं जे काय होतं ते त्याने पुढच्याच महिन्यात डॉक्टरला दाखवून टाकलं होतं. शिक्का बसल्यावर लपवायला उरलं काय? तेव्हा मला वाटलेलं, बिचारा नोमान.

वीस जण झाले की चहाची सुट्टी. मी उठलो, पायात चप्पल सरकवली आणि पडद्याबाहेर आलो. जिन्याखाली हौसाबाई बशीत बिस्कीट बुडवत होत्या. त्यांना विचारलं, "ती रंजिता म्हणून मुलगी आहे, तुमच्या गावची?" "व्हय, आमच्या जासईची. सोनाबायची नात," त्या म्हणाल्या. "ती बघा तितं बसलीय, रडली वाटतं. मागल्या टायमाला बी नापास झाली. येळ पुरला नाय. मोजत बसते ना. आता पुन्ना गेली तं सहा महिने घरी बसाची पाली." मी म्हटलं, "सगळी पोरं पंधरा सेकंद मोजून चौपट करतात." हौसाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मीठ न घालता जेवायला वाढलं. "सोनाबाय मिठागरावर पाट्या मोजाची, मुबारकभाय. मुकादम बोलाचा, अर्ध्या मोज नि दुप्पट कर, कोन बघतंय? ती बोलाची, दुप्पट केलेलं मीठ आलनी लागतं. तिच्या हाताखालची पोर हाय ती. चौपट कशी करल?" त्यांनी बिस्कीट तोंडात टाकलं. मी तिकडे बघितलं. रंजिता पायरीवर बसून डाव्या हाताची बोटं स्वतःच्याच उजव्या मनगटावर ठेवून बघत होती. मोजायला आपल्याला येतं की नाही, तेच तपासत असणार. ते बघितलं आणि मला राहवेना. माझ्या एका इमानी 'नाही'मुळे एक खरं बोलणारी पोर स्वतःच्या बोटांवर शंका घेत होती. उद्या खऱ्या वॉर्डात खऱ्या माणसाची नाडी तिच्या बोटाखाली अशीच अडखळली, तर ती म्हणेल, माझंच चुकलं असेल, आणि पंधरा सेकंदांत हात खाली ठेवेल.

किशोरी मॅडम चहाच्या किटलीपाशी होत्या. एवढ्याशा अंतरात मी दोनदा थांबलो आणि दोन्ही वेळा चपलेकडे बघितलं. पाठ आपोआप ताठ झाली होती, त्या दवाखान्यातल्यासारखी. "मॅडम," मी म्हणालो, "पंधरा नंबरची मुलगी बरोबर आहे." "कशाबद्दल?" "नाडीबद्दल." त्यांनी क्षणभर आठवलं. मितेश सरांनी त्यांच्या कानावर घातलं असावं. "मुबारकभाई, कार्डावर नाडी नियमित आहे." "कार्ड सदाशिवचं आहे, मॅडम. नाडी माझी आहे." "पण मितेशने विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात." "मितेश सरांनी सदाशिवला विचारलं. सदाशिवला काही होत नाही, त्याला नुसता खोकला आहे." हे बोलताना मला हसू आलं आणि आवाजही कापला, दोन्ही एकदम. मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझं मनगट धरलं. त्यांनीही पूर्ण मिनिट मोजली. चहावर साय धरली तरी मनगट सोडलं नाही. मग म्हणाल्या, "चला."

पुढचा अर्धा तास मी कधी न केलेल्या गोष्टी केल्या. खऱ्या यंत्राला खऱ्या तारा लावून खरा झोपलो. कागदाची पट्टी बाहेर आली, तिच्यावर रुळांखालच्या फळ्यांसारख्या एकसारख्या अंतराच्या रेघा असायला हव्यात असं मॅडम म्हणाल्या. माझ्या रेघा अदीबच्या पहिलीतल्या अक्षरासारख्या होत्या, दोन चिकटलेल्या, मग मैदान, मग तीन. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचा वरचा कप्पा ताल सोडून थरथरतो. पुष्कळ लोकांना असतं. धोका त्या थरथरीचा तेवढा नाही, जितका आत रक्ताची गाठ होऊन ती मेंदूकडे जाण्याचा, मग लकवा. "गाठ होऊ नये म्हणून गोळ्या असतात, ताल सांभाळायलाही असतात. आज सापडलं ते फार बरं झालं." मी विचारलं, "प्रॉग्नोसिस?" "चांगलं. गोळ्या घ्याल तर." "आणि कारण?" "शोधू. नाहीच सापडलं तर तो शब्द तुम्हाला माहीत आहे." मला इतकं हलकं वाटलं की त्या तारा लावलेल्या असतानाच मी मोठ्याने हसलो. छत्तीस-सदतीस वर्षं ज्या शिक्क्याला भ्यालो, तो शेवटी बसला होता, आणि त्याचा आवाजसुद्धा झाला नव्हता. मितेश सर दाराशी उभे होते. पट्टी त्यांनी दोनदा बघितली, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काका, सॉरी," आणि मग फारच बारीक आवाजात, "मॅडम, आता ते बाकीचे एकोणीस?" एकोणीस जणांना माझी नाडी नियमित सापडली होती. "त्यांना म्हणावं, दुपारी पुन्हा या," मॅडम म्हणाल्या, "आणि घड्याळ घेऊन या. काका परवानगी देत असतील तर." मी दिली. या वयात आपल्या मनगटाला इतकी मागणी येईल असं कुणाला वाटलं असतं?

मग रंजिताला बोलावलं. ती आली ती शिक्षा ऐकायला आल्यासारखी, ओढणीची टोकं पदरासारखी मुठीत धरून. मॅडमनी तिच्या हातात पट्टी दिली. तिने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि तिचे डोळे भरून आले. "मी बोलली व्हती," ती म्हणाली, आणि लगेच सावरून, "म्हणजे, बोलले होते मॅडम." "बोलली होतीस. तुझे मार्क तुला मिळतील," मॅडम म्हणाल्या. "आता यांची हिस्टरी घे. खरी. यांच्याकडे कार्ड नाही." आणि पडदा ओढून त्या गेल्या.

ती स्टूल ओढून बसली, वही उघडली. "नाव?" "सदा..." मी म्हणालो आणि थांबलो. ती खालच्या मानेने हसली. "मुबारक," मी म्हणालो. "वय?" "त्रेसष्ट." आठ वर्षं एकदम अंगावर आली, पण ती माझीच होती. "काय त्रास होतो, काका?" आणि ते 'नाही' पुन्हा आलं, थेट ओठांपर्यंत, सत्याऐंशी सालच्या खोकल्यासारखं. ती वाट बघत राहिली. घाई करायची सवय तिला नव्हतीच. मी तो खोकला गिळला होता तसं ते 'नाही' गिळलं, आणि इतके महिने न सापडलेला शब्द आपोआप समोर आला. "बाजारातून पिशवीत घालून कोंबडं आणतो ना आपण," मी म्हणालो, "सगळ्या रस्ताभर शांत असतं. आपण विसरून जातो की पिशवीत जिवंत काही आहे. आणि मग जिन्यात मधेच ते एकदम फडफडतं. तसं." तिने लिहिता लिहिता मान वर केली. "गावठी की ब्रॉयलर?" "गावठी," मी म्हणालो, "ब्रॉयलर इतकं फडफडत नाही." तिने ते लिहिलं की नाही मला माहीत नाही, पण तिची पेन्सिल हलली. कधीपासून, किती वेळ, कशाने वाढतं, कशाने थांबतं. मी सांगत गेलो. जिना, कठडा, चप्पल. बोलता बोलता लक्षात आलं की कार्डाशिवाय बोलायला फार सोपं असतं, पाठ करावं लागत नाही. "घरी कुणाला सांगितलंय?" तिने विचारलं. "नाही." हे मात्र खरं होतं. तिने वही मिटली. "मग ते आधी करा. आत्ता. मी बसते इथे."

फोन उचलताना सफूराच्या मागे कुकरची शिट्टी वाजली. मी खाकरलो. पुढचं वाक्य मनात तीनदा लिहून ठेवलं होतं: घाबरू नकोस, तसं काही विशेष नाही, एक लहानशी गोष्ट आहे. मी म्हणालो, "घाबरू नकोस." "छातीचं ना?" ती म्हणाली. "दाखवलंत शेवटी डॉक्टरला? शुक्र आहे अल्लाचा." "तुला कुणी सांगितलं?" "सांगायचं काय त्यात? रमजानपासून रोज बघतेय. वरच्या कठड्यावरून. दुसऱ्या मजल्यावर येता, वाकता, चपलेचा पट्टा लावता, मग वर येता." "मग विचारलं का नाहीस?" "विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात, अदीबचे अब्बा?" उत्तर आम्हा दोघांनाही पाठ होतं. ती म्हणाली, "पुढच्या सोमवारी मी स्वतःच तुमच्या मॅडमकडे येणार होते. आपट्याहून भावालासुद्धा बोलावून ठेवलंय, तुम्हाला उचलून न्यायला." मग कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि तिचा आवाज एकदम ओला झाला. "आणि एक सांगू? तुमच्या चपलेला पट्टा नाहीये. ईदला मीच आणली, नुसती सरकवायची." मी खाली बघितलं. पलंगाशेजारी माझी चप्पल होती, तपकिरी, गुळगुळीत, बिनपट्ट्याची. सहा महिने मी रोज त्या नसलेल्या पट्ट्याशी झटत होतो आणि एक बाई वरून रोज ते बघत होती, मी वर यायच्या आत दारामागे जाऊन उभी राहत होती, आणि पिशवी हातातून घेत होती. मला रडू येईल असं वाटलं, आणि आलं हसू, पोटातून, थांबेचना. फोनवर ती पण हसायला लागली, रडत रडत. रंजिताला काही कळलं नाही. तिने नुसती माझी मान हलताना बघितली, स्टूल जवळ ओढलं आणि माझं मनगट पुन्हा हातात घेतलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "काका, हसू नका ना, मोजायचं चुकतंय," आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.